डावी पाकळी

चैत्र आला तो तांबडाच आला. आम्रमंजिरीच्या मासाने, कोवळ्या पालवीच्या मासाने अंगाला धूळ फासून यावे, हे कुठल्या पंचांगात लिहिले होते? काजूचा मोहोर तांबडा, केळीचे पान तांबडे, कुंपणावरची जाई तांबडी. सूर्य उगवला तोही धुळीच्या पदराआडून, आणि कोंडसरी गावाच्या माणसांनी नेहमीप्रमाणे त्याला हात जोडले.

अर्धा डोंगर उरला होता. हरितश्याम, निर्झरकंठ, सहस्रवृक्षधारी असा तो डोंगर. त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग लोखंडाच्या खाणीने खाल्ला होता, पायऱ्या-पायऱ्यांनी, अगदी शिस्तीत. पश्चिमेच्या अर्ध्यात बारमाही झरा होता आणि सारा गाव त्याचेच पाणी पीत होता. हाही अर्धा खाणीला द्यायचा की नाही, ते सोमवारी देव रवळनाथ सांगणार होता.

देव बोलतो तो कौलातून. पाषाणाच्या उजव्या अंगाला एक ओली पाकळी लावायची, डाव्या अंगाला एक, आणि श्वास रोखून बसायचे. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. पाच वर्षांपूर्वी उजवी गळली आणि पूर्वेचा डोंगर गेला. देवानेच दिला म्हटल्यावर कोण काय बोलणार? शालनची काजूची बाग त्यात गेली. ती रिक्षा चालवायला लागली, पण बोलली नाही.

त्या पाकळ्या लावणारा सोनू गुरव, शालनचा बाप, शनिवारी सकाळी तिच्याच रिक्षात मागे बसून समुद्राकडे निघाला होता. पालवेळच्या माऊलीची ओटी भरायची आहे, एवढेच तो म्हणाला होता. माऊली ही रवळनाथाची बहीण, म्हणून शालनने जास्त काही विचारले नाही.

रस्ता कसला, उघडी जखम! डंपरामागून डंपर, डंपरामागून डंपर. पोटात डोंगर, तोंडात भोंगा, आणि वाट जणू त्यांच्याच बापाची. दुतर्फा गावे होती, म्हणजे गावांची नावे होती. दारांना ओली पोती टांगलेली, विहिरींवर पत्रे झाकलेले, सड्याच्या कातळमाळावर गुरे नाहीत, अंगणात वाळवण नाही. ज्या भूमीने लाल माती कपाळाला लावून पिके दिली, तिचीच माती आता माणसांच्या छातीत जाऊन बसली होती. हे पाहून ज्याला राग येत नाही त्याने आपली नाडी तपासून घ्यावी.

वाटेवरच्या आंबेखोलात खाण संपली होती. संपली म्हणजे लोखंड संपले. खड्डा तसाच होता, अथांग, हिरव्या मृत पाण्याचा. माणसे निघून गेली होती. खड्ड्याच्या काठावर एकटे देऊळ उभे होते, खाणीनेच बांधून दिलेले, स्लॅबचे, चकचकीत फरशीचे, जाळीच्या दाराला कुलूप लावलेले.

"थांबव गे," सोनू गुरव म्हणाला.

त्याने जाळीला कपाळ टेकले. आत देव होता. कोरडा होता, सुरक्षित होता, आणि त्याच्या माथ्यावर कित्येक महिन्यांत एक फूल पडले नव्हते. पूजेला माणूस नाही, नैवेद्याला चूल नाही, घंटा वाजवायला हात नाही. म्हातारा पायरीवर खाली बसला.

"शालन, पाच वर्सांआदी ती डावी पाकळी मियां गुळाच्या पाण्यान चिकटवलंय."

रिक्षाचे इंजिन चालूच होते. शालनने ते बंद केले.

"कित्याक?"

"जुन्या देवळात पाणी गळा होता. थेट देवाच्या डोक्यार. खाणवाले म्हणाले, स्लॅबचा देऊळ बांधून देताव. माका वाटला, देव तरी सुको ऱ्हवतलो."

ऐकलेत? देवाच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून देवाचाच डोंगर! स्वतःसाठी त्याने सुपारीचे खांडही घेतले नव्हते. घेतले असते तर चिडणे तरी सोपे गेले असते. भक्तीने आंधळा झालेला, प्रेमाने चोर झालेला हा शुभ्रकेश, कृशकाय म्हातारा. त्याच्यावर रागवायचे कसे, आणि न रागावता राहायचे तरी कसे? शालनला आपली बाग आठवली. मुळासकट उपटलेली बहात्तर झाडे आठवली.

"आनी सोमवारी?"

"सोमवारी खरो कौल लावतलंय. आदी माऊलीकडे चूक कबूल करतंय, मगे हात शुद्ध होतले."

"आनी गावाक कोण सांगतलो?"

म्हातारा उठून रिक्षाकडे वळला. तेव्हा शालनला सारे उमगले. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथल्या देवीच्या कानात पुटपुटून हा मोकळा होणार. सोमवारी खऱ्या कौलातही उजवी पाकळी गळू शकते. पाकळीच ती, वाऱ्याने गळेल, उन्हाने गळेल. आणि गाव मान डोलावील, कारण पहिला अर्धा डोंगर देवानेच दिला होता ना! झरा वाचवायला एकच गोष्ट पुरणार होती, आणि ती म्हातारा पोटात घेऊन बसला होता.

 पुढचे पंधरा मैल ती गिअर असे टाकत होती की रिक्षा कळवळत होती.

मग समुद्र आला. नीलमणिनील, फेनधवल असा तो असायचा. आज किनाऱ्यापाशी तोही तांबडा होता. धक्क्यावर ढीग होते, ढिगांमागे ढीग, आणि माती वाहून नेणाऱ्या सपाट बोटी, बार्जी, तोंड उघडून उभ्या होत्या. कोंडसरीचा डोंगर इथे येऊन पडला होता. वाळूत रापणीची, किनाऱ्यावरून ओढायची लांब जाळी कोरडीच पडून होती. ती कशाने ओली होणार, मासळी केव्हाच दूर निघून गेली होती.

माऊलीच्या देवळात सोनू गुरव गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. गाऱ्हाणे एकट्याने होत नाही. प्रत्येक बोलाला कुणीतरी होकार द्यावा लागतो. बाहेर बसलेले चार रापणकर रीतीप्रमाणे आत आले. त्यांच्यात म्हातारा भिकाजी तांडेल होता.

"आई माऊली, पावण्याचो नमस्कार घेवन घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या भावाक सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी माज्या हातून काय चूक-माक झाली आसात, ती पोटात घाल!"

चौघांनी तोंडे उघडली. शालन पुढे झाली.

"व्हय म्हणू नकात! काय केलां ता आदी सांगूक सांगा तेंका."

 बाहेर धक्क्यावर एक डंपर रिकामा झाला, खडखडत, गडगडत, बराच वेळ. सोनू गुरवाने देवीकडे पाहिले. मग तो वळला, देवीकडे पाठ करून त्या चार माणसांकडे वळला, आणि त्याने सांगितले. पाकळी सांगितली, गूळ सांगितला, डोंगर सांगितला. "तुमच्या दर्यात पडलेली ती माती माजी," असेही म्हणाला.

कुणीही होकार दिला नाही.  क्षमा मागणारा बोल देवळाच्या तुळईखाली तसाच अधांतरी राहिला.

"सोमवारी," म्हातारा म्हणाला. मग सगळा जीव एकवटून म्हणाला, "सोमवारी पाकळी लावच्या आदी ह्याच मियां गावासमोर बोलतलंय!"

शालनचे डोळे कोरडे होते. राग तसूभरही उतरला नव्हता. तो उतरायला वर्षे जातील, कदाचित जन्म जाईल. तिने पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला, आणि धक्क्यावरच्या यंत्रांच्या वर, तांबड्या लाटांच्या वर आपला आवाज चढवला.

"व्हय म्हाराजा!"

मग भिकाजी म्हणाला, मग तिघे म्हणाले, आणि दगडी गाभाऱ्याने तो शब्द झेलला, घुमवला, आणि हळूहळू, हळूहळू आपल्या पोटात घेतला.