पगडीतला काटा

गफ्फारसेठच्या आधी त्यांचा कॅडी धरमसिंग गोल्फच्या मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात उतरला. चेंडू किती रुतलाय ते त्यानं वाकून पाहिलं, चेंडूमागं पडलेली बाभळीची काटेरी काडी उचलली आणि आपल्या पगडीच्या घडीत खोचली. मग बाजूला होऊन त्यानं शेठना दोन बोटं दाखवली. चेंडू दोन बोटं आत होता.

"शेवटच्या होललेच इथं येऊन मरायचं होतं याले!" गफ्फारसेठ चेंडूवर डाफरले. दिग्रसचा हा कापसाच्या जिनचा मालक अंगानं भरलेला, मनानं मोकळा. खेळताना मात्र तो दिवसभर चेंडूशी भांडायचा आणि चेंडूनं ऐकलं की त्याला शाबासकीही द्यायचा.

शेठनी स्टिक हाणली. वाळू उडाली, चेंडू अलगद वर आला, घरंगळत गेला आणि झेंड्यापासून हातभरावर थांबला. क्लबच्या पडवीत खुर्च्या टाकून बसलेली मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

"शाब्बास रे माह्या वाघा!" शेठ चेंडूला म्हणाले.

अमरावतीचे देशकर वकील त्यांच्याविरुद्ध खेळत होते. सतरा होल दोघं बरोबरीत. या अठराव्यावर वकिलांना पाच फटके लागले होते. शेठनी हातभरावरचा हा चेंडू आत ढकलला की त्यांचे चार, आणि कप दिग्रसला. आंधळ्यानंही ढकलावा इतका सोपा चेंडू होता.

कपाचं धरमसिंगला काय कौतुक! त्याचा जीव अडकला होता तो कपानंतरच्या फटक्यात.

कापसाच्या कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी सत्तर वर्षांपूर्वी यवतमाळबाहेरच्या माळावर हे मैदान आखलं. गवत टिकेना म्हणून होलभोवती वाळूत जळकं तेल कालवून गोल थापले. त्या गोलांना सगळे ब्राऊन म्हणत. साहेब गेले, खुर्च्यांवर इकडचे शेठ आणि वकील बसले, पण नियम तेच राहिले. मैदान मेंबरांचं. कॅडीनं खेळाडूची स्टिकांची पिशवी उचलायची, चेंडू शोधायचा, पण चेंडूला स्टिक लावायची नाही. वर्षातून एकाच कॅडीला एकदाच मुभा होती. स्पर्धा जिंकणाऱ्याच्या कॅडीनं संध्याकाळी सगळ्यांसमोर पहिल्या होलवर एक फटका मारायचा. कुण्या गोऱ्या सेक्रेटरीनं गमतीखातर सुरू केलेली ही चाल पुढं कुणी मोडली नाही.

धरमसिंग बावीस वर्षं पिशव्या वाहत होता. तीनदा त्याचा खेळाडू शेवटच्या होलपर्यंत येऊन हरला होता. आता त्याचा गुडघा कुरकुरत होता, आणि हंसाबाईला त्यानं सांगून टाकलं होतं की हे साल शेवटचं.

हंसाबाई त्याची बायको. रोज सकाळ-संध्याकाळ ओलं तरट ओढून ब्राऊन सारखे करायचं काम तिचं. धरमसिंग तांड्यामागच्या वावरात बाभळीच्या वाकड्या काठीनं बेलफळं मारून सराव करायचा, तेव्हा ती पुढं कापूस वेचत असायची. तो ओरडायचा, "सरक वं, लागन!" ती मान वर न करता म्हणायची, "तुहं फळ इथवर येईन तवा सरकीन." आणि खरंच, बेलफळ कधी तिच्या अर्ध्या वाटेवरही पोचलं नाही. ते डावीकडं पळायचं, नाहीतर तिथंच फुटायचं, आणि आख्खा तांडा हसायचा.

गफ्फारसेठनी हात पुढं केला. शेवटच्या फटक्याची स्टिक द्यायच्या आधी धरमसिंगनं कपाळाचा घाम पुसला आणि बोटाला काही टोचलं.

काटा. तो आत्ता कुठं भानावर आला.

खड्ड्यात पडलेल्या काडीला, पानाला, दगडाला फटक्याआधी हात लावायचा नाही. लावला तर तो होल समोरच्याचा. खेळाडूनं लावला काय, कॅडीनं लावला काय, सारखंच. बावीस वर्षांत हा नियम त्यानं नव्या पोरांना पन्नास वेळा शिकवला होता. पण हाताला नियम थोडाच कळतो! त्याच्या आज्याची लदेणी होती. मिठाच्या गोण्या लादलेले शंभर बैल मागून येत, आणि पुढं चालणारा माणूस वाटेतला काटा उचलून पगडीत खोचायचा, मुक्कामाला पोचल्यावर चुलीत टाकायचा. बैल गेले, गोण्या गेल्या, तांडा शेतीला लागला, पण काटा दिसला की या घरातला माणूस आपसूक वाकायचा. धरमसिंगला वाकल्याचंही कळायचं नाही.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. शेठ चेंडूशी बोलत होते. वकील चष्मा पुसत होते. वकिलांचा कॅडी रामधन, धरमसिंगच्याच तांड्यातला, झेंडा धरून उभा होता. त्याची नजर धरमसिंगच्या पगडीवर होती. नजरानजर होताच तो घाईघाईनं आभाळाकडं बघायला लागला. आभाळात तर एक घारसुद्धा नव्हती.

म्हणजे रामधननं पाहिलं होतं, आणि तो बोलणार नव्हता.

धरमसिंगला मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. एक काडी ती काय, चेंडूच्या मागं पडलेली! सकाळी वारा सुटला असता तर आपणच उडून गेली असती. शेठनी चेंडू आत ढकलला की झालं, संध्याकाळी खरी स्टिक हातात. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"अबे, दे ना," शेठ म्हणाले. "हात दुखला माहा."

धरमसिंगनं पगडीतली काडी काढली आणि स्टिकऐवजी तीच शेठच्या तळहातावर ठेवली.

"खड्ड्यातून उचलली, शेठ. तुमी मारायच्या आधी."

गफ्फारसेठनी काडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"आन् आता काहून सांगून राह्यला बे? कोनं पाह्यलं होतं?"

"म्या पाह्यलं ना."

शेठनी मोठा श्वास सोडला, टोपी काढली आणि वकिलांपुढं हात केला.

"घ्या वकीलसाब. होल तुमचा, कपबी तुमचा. माह्या कॅडीनं खड्डा झाडून देला."

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, काडी हातात घेऊन निरखली आणि शेठचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. पडवीतल्या मंडळींना काही उमगेना.

क्लबकडं चालताना शेठ अर्ध्या वाटेत थांबले. "एक सांग. उचलली तं उचलली, फेकून काहून नाई देली?"

"कोनाच्या पायात गेली असती, शेठ."

"या अल्ला!" शेठ कपाळावर हात मारून हसायला लागले, आणि पडवीच्या पायऱ्यांपर्यंत हसतच गेले. धरमसिंगला मात्र हसू येईना. पिशवी आज पहिल्यांदा जड लागत होती.

ऊन कललं. कप देऊन झाला, चहा झाला, आणि सेक्रेटरींनी रामधनला पुकारलं. पहिल्या होलचा चेंडू जिथून मारायचा त्या ओट्याभोवती सगळे जमले. पहिला होल लहानसा, दीडशे पावलांवर. तिकडच्या ब्राऊनवर हंसाबाई पाठ करून तरट ओढत होती. चालीप्रमाणं हरलेल्याच्या कॅडीनं चेंडू मांडायचा, म्हणून धरमसिंगनं चिमूटभर ओल्या वाळूचा उंचवटा करून त्याच्यावर चेंडू ठेवला.

रामधननं याआधी दोनदा हा फटका मारला होता, दोन्ही वेळा सरळसोट. तांड्यात त्याची फुशारकी ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. आज त्यानं स्टिक गरागरा फिरवली आणि चेंडूच्या वीतभर वरून नेली. चेंडू जागचा हलला नाही. एकच हशा उठला.

"हात घसरला बाप्पा," रामधन म्हणाला, आणि खांदा चोळत त्यानं स्टिक धरमसिंगपुढं धरली. "माह्यानं नाई होत आता. तू मार."

"असं चालणार नाही," सेक्रेटरी पुढं झाले. "हवेत मारला तरी तो फटकाच धरतात."

"स्पर्धेत धरतात," देशकर वकील कप काखेत धरून म्हणाले. "स्पर्धा तर मघाशीच संपली. चेंडू अजून तिथंच आहे, साहेब."

"बरोबर बोलले वकीलसाब!" गफ्फारसेठ गरजले.

सेक्रेटरींनी घड्याळाकडं पाहिलं, वकिलांकडं पाहिलं, आणि वकिलाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखून दोन पावलं मागं सरकले.

धरमसिंगनं रामधनकडं पाहिलं. रामधन पुन्हा आभाळात घार शोधत होता.

स्टिक हातात आली. बाभळीच्या काठीपेक्षा ती कितीतरी हलकी होती. धरमसिंग चेंडूपाशी उभा राहिला, मग पुन्हा बाजूला झाला, वाकला, ओट्याच्या कडेचा एक काटेरी सराटा उचलला आणि पगडीत खोचला. लोक हसले. या खेपेला तोही हसला.

"हंसे, सरक वं!" तो ओरडला. "लागन!"

हंसाबाईनं मान वर केली नाही. ती तरट ओढतच राहिली.

धरमसिंगनं श्वास घेतला आणि स्टिक फिरवली. टक् असा आवाज झाला, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हातून ऐकलेला, कोरडा आणि नेमका.

पलीकडं हंसाबाई थबकली. तिनं वळून पाहिलं, डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग घाईघाईनं तरट गोळा केलं आणि ब्राऊनवरून खाली उतरून बाजूला झाली.