कोरी ठेवलेली बाजू

१९९४ साली मला जर्मनीहून एक पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. ते कागदावर नव्हतं, कॅसेटवर होतं. पाठवणारी नर्स उल्रिके. भूकंपानंतर लातूरकडच्या एका मदत छावणीत ती होती आणि मी तिचा दुभाषा. नांदेडच्या कॉलेजात ग्रंथपाल असताना पुस्तकांवरून जर्मन शिकलो होतो, म्हणून मला नेलं. पण ती बोलू लागली की मला ओ की ठो कळेना. शेवटी चिठ्ठ्या लिहून काम चालवलं. आठवड्याभरात दुसरा दुभाषा आला. पुढे कॅसेट आली तेव्हा वाटलं, तक्रारच असणार. थोडी ऐकली, शब्द सुटत गेले, ठेवून दिली.

यंदा आमच्या वरच्या खोलीत दामिनी राहायला आली. उदगीरची, नर्सिंग झालेली, नोकरीसाठी जर्मनीला जायचंय. गल्लीत नीटच्या क्लासेसच्या पाट्यांमध्ये आता जर्मनच्या क्लासचीही पाटी आहे. ती तिथे जाते. जर्मन वाचनात कच्ची, म्हणून संध्याकाळी माझ्याकडे बसते. एकदा धीर करून कॅसेटचं सांगितलं.

"आन् हे आत्ता सांगायलात? लावा की, आजोबा!"

एक वाक्य झालं आणि मी टेप थांबवला.

"बंद कशाला केलाव?"

"एक शब्द सुटला."

"सुटू द्या की! तुमी एका शब्दामागं पळताव, तवर गाडी परळीला पोचती. आमच्या आजीचं कन्नड मला कुणी शिकवलंय? रागावली का लाड करायली, आधी तेवढंच कळायचं. बाकीचं मागून. सांगा, ही बाई रागात हाय का?"

पुन्हा लावला. शब्द सोडून दिले, नुसता आवाज ऐकला.

"नाही," मी म्हणालो. "अगं, ही तर हसतेय!"

तीस वर्षं कॅसेट घरात होती आणि हे हसू मला ऐकू आलं नव्हतं. त्या रात्री झोप कसली येते!

मग रोज तेच. आधी पूर्ण ऐकायचं, ओळखीचं सापडेल ते धरायचं, मग उल्रिकेच्या मागोमाग पुटपुटायचं. तिच्या बोलण्यात ‘चिठ्ठ्या’ हा शब्द सापडला. मग ‘तंबू’ सापडला. आणि एका सकाळी दात घासता घासता शेवटचं बोलणं आपोआप उलगडलं. ब्रश हातात तसाच धरून मी जिन्यात ओरडलो, "दामिनी! कळलं!"

उल्रिके म्हणत होती, तुमच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात, पण तुमचा आवाज मला नीट ऐकायलाच मिळाला नाही. कॅसेटची दुसरी बाजू कोरी ठेवलीय. लिहू नका, बोला.

दामिनीने आधी उल्रिकेचं बोलणं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. मग मी दुसऱ्या बाजूवर बोललो. अडखळलो, दोनदा खोकलो, पण थांबलो नाही.

पोस्टात रांगेत दामिनी म्हणाली, "पत्ता जुना हाय, आजोबा. आन् पाठवायच्या आधी एकदा ऐकून तरी बघायचं होतं."

"ऐकलं असतं तर पाठवलंच नसतं," मी म्हणालो आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.