गोजरबाईंचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. माझ्यावर चटकन विश्वास ठेवा, पण माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. संशय घेणे हाच माझा धंदा आहे.

वडगाव निंबाळकरच्या एका घरातून पितळी घंगाळ चोरीला गेले, तेव्हा घरधनी आप्पांनी मला बारामतीच्या बाजारातून आणले. दुकानदाराने मला तीनदा उघडून, मिटून दाखवले आणि "आयुष्यभराचा माल" म्हणून माझी तारीफ केली. मी छाती फुगवून घरी आलो. पण आप्पांच्या बायकोने, गोजरबाईंनी, मला दाराला लागूच दिले नाही.

"दिवसाढवळ्या दाराला कुलूप? लोक इचारतील, घर बंद पडलं का काय! मी हाय की घरात."

झाले! माझी रवानगी कोनाड्यात झाली. माझे काम गोजरबाई करू लागल्या. घरचे जेजुरीला गेले, तुळजापूरला गेले, लग्नांना गेले. गोजरबाई उंबऱ्यात उभ्या राहून सगळ्यांना हात करायच्या. आप्पा वारले, तरी तेच चालू राहिले. घराला कुलूप होते, पण ते लुगडे नेसून बसलेले होते. मला याची लाज वाटायची.

मग १९९६ साल उजाडले. आप्पांची नात छकुली शाळेतून एक रंगीत कागद घेऊन आली. घाटापलीकडे, मुंबईच्या वाटेवर मोठी बाग झाली होती. तिथे आकाशपाळणे होते आणि पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. छकुलीने हट्ट धरला, "जायचं तर आजीला घिऊनच. न्हायतर मी न्हाय येणार."

तिचे वडील दादासो तारखा शोधू लागले. हिवाळ्यात उसाला तोड कधी येईल याचा नेम नव्हता. मे महिन्यात छकुलीच्या मामाचे लग्न निघाले. मग पाटाच्या पाण्याची पाळी आली. शेवटी सोळा जूनचा दिवस मोकळा सापडला. तेव्हा छकुलीने कागदाच्या तळाची बारीक अक्षरे वाचली : पंधरा जून ते तीस सप्टेंबर बंद.

"पान्याची खेळणी आन पावसाळ्यात बंद?" गोजरबाईंनी डोळे बारीक केले. "ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

मला त्या तेव्हा फार आवडल्या. अगदी माझ्या जातीच्या वाटल्या.

पण दादासो साखर कारखान्याचे सभासद. ते हसले. "आई, कारखाना तरी तारखेला बंद हुतो व्हय? शेवटचा ऊस गाळल्याबिगर हंगाम सपत न्हाय, पट्टा पडत न्हाय. आपण इतक्या लांबनं गेल्यावर आत घेत्यालच की!"

गोजरबाईंना ते पटले. अख्खा गाव असाच फसला असता.

खरा प्रश्न घराचा होता. शेजारचा सोनबा, आप्पांचा जुना सोबती, म्हणाला, "म्हशींची धार मी काढतो. जावा तुमी." वर त्याने दोनदा विचारले, "किती वाजता निघणार? समदीच जाणार ना?" मित्रांनो, माझ्या पोटातली कळ आवळली. भल्या माणसाला असल्या चौकशा कशाला लागतात?

सोळा जूनच्या पहाटे जीप आली. गोजरबाईंनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला दाराला लावले. किल्ली कमरेच्या पिशवीत गेली. जीप सुरू झाली तरी त्या वळून वळून माझ्याकडे बघत होत्या.

दुपारी सोनबा आला. इकडेतिकडे पाहून त्याने मला धरले, ओढले, पुन्हा ओढले. खालून वाकून माझ्या भोकात डोकावला. मग लगबगीने निघून गेला. आता हा नक्की पहार घेऊन येणार! मी सगळे बळ एकवटून घट्ट मिटून राहिलो.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलाची वाटी होती. त्याने माझ्या भोकात चार थेंब सोडले आणि पावसाने गंजू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली. बांधताना पुटपुटला, "वैनी पयल्यांदा भायेर पडल्यात. आल्यावर किल्ली अडकाय नगं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दिवेलागणीला जीप परतली. छकुलीचे डोळे सुजले होते. बागेच्या फाटकाला माझ्या चौपट कुलूप होते. दादासोंनी रखवालदाराच्या मिनतवाऱ्या केल्या, पण तो हलला नाही.

"आई, चुकलं माझं," दादासो म्हणाले. "एवढी तुला भायेर काढली आन कुलूप दावून आणलं."

गोजरबाईंनी माझ्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सोडली, किल्ली फिरवली. मी लोण्यासारखा उघडलो. त्यांनी बोटाला लागलेले तेल पाहिले, मग सोनबाच्या घराकडे पाहिले. आत जाऊन भांडी मोजायला वाकल्या आणि न मोजताच परत आल्या.

"रडू नगं छकुले. त्येंचं कुलूप एक आक्टोबरला निघतंय. कारखान्याची मोळी त्याच्या म्होरं पडती, तवाच ऊसतोड सुरू हुती. मधी दिस मोकळं हायती. तवा जायचं. मी बी येनार."

ऑक्टोबरमध्ये त्या खरेच गेल्या. निघताना मला लावले आणि किल्ली सोनबाच्या हातात ठेवली. जाताना एकदाही मागे वळून पाहिले नाही. परतल्या तेव्हा ओल्या लुगड्याचे गाठोडे काखेत होते, आणि घसरगुंडीवरून आपण कशा किंचाळलो ते सोनबाला सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला.

आता त्या नाहीत. दाराला नवे कुलूप बसले आहे. मी पुन्हा कोनाड्यात आहे, आणि त्यांची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे एखादे गंजत पडले असेल. सहलीला निघताना त्याला आधी शोधा, चार थेंब तेल घाला आणि दाराला लावा. मग आत जा आणि आजीला म्हणा, "ऊठ, चल."