रेग्युलेटर जळाल्याची नोंद

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. निमगाव सावाच्या शिवारात एका पत्र्याच्या शेडसमोर उभ्या असलेल्या दोन आसनी विमानाचं इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढली गेली. इंजिन आणखी चार सेकंद चाललं आणि बंद पडलं. डॅशबोर्डच्या मागून जळक्या वार्निशचा वास आला. कुणाला इजा झाली नाही.

विमान सावळाराम गाडगेचं होतं. वय एकोणसाठ. चाकणच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. नोकरीत असतानाच, सुट्टीचे दिवस वापरून, त्याने सांगाडा उभा करायला घेतला होता. आता नववं वर्ष चालू होतं. इंजिन मोटारीचं, चार सिलिंडरचं. त्याची ठिणगी आणि पेट्रोल दोन इलेक्ट्रॉनिक डब्यांवर चालतात, त्यामुळे वीज गेली की इंजिन बंद पडतं आणि विमानाचा पुढचा पंखा थांबतो.

शुक्रवारी, १४ तारखेला, तपासणीस येणार होता. जमिनीवर एक तास इंजिन न थांबता चालवून दाखवायचं, कागद दाखवायचे, मग पहिल्या उड्डाणाची परवानगी. आधीच्या दोन तारखा वाया गेल्या होत्या. एकदा पंखा वेळेत आला नाही, एकदा सावळारामला डेंग्यू झाला. तिसरी तारीख शेवटची, असं परवानगी देणाऱ्या कार्यालयाने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर फाइल बंद आणि नवा अर्ज. मागच्या अर्जाला सव्वातीन वर्षं लागली होती.

आठवडाभर व्होल्टमीटरचा काटा तेरा आणि सतराच्या मध्ये नाचत होता. म्हणून सावळारामने राजुरीच्या रखमाजी औटीला बोलावलं. आळेफाट्याजवळ रखमाजीचं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, बोअरच्या गाड्या, सगळ्यांचे अल्टरनेटर तो सव्वीस वर्षं उघडतोय. या विमानाच्या अल्टरनेटरचं बेअरिंगही त्यानेच बदललं होतं. अल्टरनेटरला, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राला, तो अजून डायनमो म्हणतो. त्या विजेचा दाब साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ न देणारा लहान डबा म्हणजे रेग्युलेटर.

"इंजिन दोन हजार फेऱ्यांवर धर," रखमाजी म्हणाला.

सावळाराम सीटवर बसला होता. रखमाजी दहाचा पाना घेऊन बॅटरीकडे वाकला. तो नट आवळून बघतोय, असं सावळारामला वाटलं. पंख्याच्या आवाजात काही विचारण्याची सोय नव्हती. पुढच्या चार सेकंदांत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

पंखा थांबल्यावर रखमाजीने मान वर केली.

"बंद का केलंस?"

"मी न्हाई केलं. तू काय केलंस?"

"बॅटरीची मायनसची तार काढली. डायनमो चार्ज करतोय का बघितलं."

"चालू इंजिनावर?"

"मग काय बंद इंजिनावर बघू, राव? सव्वीस वर्षं आसंच बघतोय. डायनमो चांगला आसला तर गाडी बंद पडत न्हाई. तुझी पडली, म्हंजी..."

तेव्हा वास आला आणि तो बोलायचा थांबला.

फाट्यावरच्या दुकानांत ही पद्धत सगळीकडे आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, टोमॅटोची गाडी भरून उभी असते, मीटर कुणी काढत बसत नाही. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर खराब. जुन्या डिझेल इंजिनाला वीज लागते ती फक्त स्टार्टरला आणि दिव्यांना. त्यामुळे तिथे कुणाचं काही बिघडलं नाही, आणि बिघडलं असेल तर कुणी मोजलं नाही.

संध्याकाळी सहा वाजता अश्विनी आली. सावळारामची पुतणी, अवसरी खुर्दच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. विमानाच्या वायरिंगचं ड्रॉइंग तिचं. आल्या आल्या तिने पॅनेल उघडलं. रेग्युलेटर एका बाजूने काळा पडला होता. रखमाजी अजून तिथेच होता. दुकानातून त्याला पाच फोन आले होते. तो प्रत्येकाला "येतो" म्हणत होता आणि जात नव्हता.

"बॅटरी जोडलेली असते तेव्हा जादाची वीज ती पिऊन घेते," अश्विनी म्हणाली. "ती काढली की क्षणभर वीज जाणार कुठे? दाब चाळीस होतो, साठ होतो. समोर जे असेल त्यात घुसतो."

"ट्रॅक्टरला कसं काय व्हत न्हाई मग?"

"ट्रॅक्टरला डोकं कुठंय, रखमाजीकाका? याला दोन डबे आहेत डोक्याचे."

मग तिला ती लाल वायर दिसली. दाब सोळाच्या वर गेला की अल्टरनेटर आपोआप तोडणारा एक कट-ऑफ ड्रॉइंगमध्ये होता आणि विमानातही होता. त्याची दोन्ही टोकं जोडून त्याला निकामी करणारी वीतभर लाल वायर मात्र ड्रॉइंगमध्ये नव्हती.

"तात्या, हे काय?"

"रविवारी टाकलीये. सारखा तुटत व्हता. एक तास सलग चालवायचंय शुक्रवारी."

"तुटत होता कारण दाब खरंच वर जात होता."

तिने रेग्युलेटरचा बोल्ट काढला. खाली पांढरा रंग तसाच होता. अर्थिंग पत्र्याला लागायला पाहिजे, ते रंगावर बसलं होतं. अर्थिंग नीट नाही म्हणून रेग्युलेटर दाब कमी समजत होता आणि वाढवत होता. काटा नाचण्याचं कारण तेवढंच होतं. अल्टरनेटरमध्ये दोष नव्हताच. रंग सावळारामने दिवाळीत स्वतः दिला होता.

"म्हंजी डायनमो चांगला व्हता," रखमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

कट-ऑफ जागेवर असता तर बॅटरी काढल्याचा फटका पूर्ण टळला नसता, कमी झाला असता. किती कमी, ते अश्विनीला सांगता आलं नाही. तिने ठिणगी-पेट्रोलचे दोन्ही डबे मीटरवर तपासले. दोन्ही चालत होते.

"झालं की मग," सावळाराम म्हणाला.

"चालतात एवढंच मला कळतं. आतले भाग किती भाजलेत ते डबे बनवणाऱ्याकडच्या चाचणीतच कळेल. बेंगळुरू. तीन आठवडे."

"शुक्रवारला तीन दिवस आहेत."

"मला माहितीये, तात्या."

बुधवारी नवा रेग्युलेटर बसला. रंग खरवडला, अर्थिंग उघड्या पत्र्याला घट्ट बसवलं, लाल वायर काढली. दुपारी दोन ते तीन इंजिन सलग चाललं. काटा चौदा पूर्णांक दोनवर उभा राहिला, हलला नाही. कट-ऑफ एकदाही तुटला नाही. शेजारच्या वावरात कांद्याला पाणी देणारी माणसं थोडा वेळ बघत उभी राहिली आणि आपल्या कामाला लागली. नऊ वर्षांत त्यांनी हे पुष्कळ वेळा बघितलं होतं.

प्रश्न उरला तो लॉगबुकाचा. विमानाच्या लॉगबुकात प्रत्येक बिघाड लिहावा लागतो. काय झालं, का झालं, काय बदललं. "रेग्युलेटर बदलला, एक तास चाचणी, ठीक" एवढं लिहिलं तर तपासणीस सही करण्याची शक्यता होती. चालू इंजिनावर बॅटरी तोडली आणि कट-ऑफला बगल दिली होती, हे लिहिलं तर तो डबे तपासायला सांगणार हे जवळपास नक्की होतं. म्हणजे तीन आठवडे. म्हणजे फाइल बंद.

सावळारामची बायको सरूबाई शेडमध्ये चहा घेऊन आली. वही उघडी होती, पान कोरं होतं.

"काय लिव्हताय?"

"काय न्हाई."

"नऊ वर्षं काय न्हाईच चाललंय. लिव्हा न्हाईतर नका लिव्हू, पण एकदाचं आवरा. मला आता त्या पंख्याच्या आवाजानं जेवण जात न्हाई."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता वैजयंती भालचिमचा फोन आला. पहिलं उड्डाण तीच करणार होती. सावळारामकडे तसा परवाना नाही. वैजयंती आंबेगावच्या पश्चिमेची, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. एका फ्लाइंग क्लबमध्ये शिकवते. ती कमी बोलते.

"उद्या मशीन बघायला मी पण येते. मागच्या वेळेनंतर काही उघडलं होतं का?"

"रेग्युलेटर बदललाय."

"का?"

"जळाला व्हता."

"का जळाला?"

"अर्थिंग लूज व्हतं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "चारशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर उतरायला तुमच्या धावपट्टीच्या पुढं काय आहे?"

"द्राक्षाची बाग. तारा आहेत."

"ते मी बघितलंय. तुमच्याकडून ऐकायचं होतं. उद्या भेटू."

फोन ठेवल्यावर सावळाराम शेडमध्ये जाऊन बसला. तासाभराने त्याने रखमाजीला फोन केला. रखमाजी दुकान सोडून आला. हात ग्रीसचे तसेच होते.

"लिहितोय," सावळाराम म्हणाला. "सगळं."

"फाइल जाईल."

"जाईल."

"येडा हायेस. इंजिन मख्खन चाललं काल."

"त्यात ती पोरगी बसणारे, रखमाजी. मी न्हाई."

रखमाजी जॅकवर टेकून उभा राहिला. बराच वेळ त्याने ग्रीस पुसलं.

"माझं नाव टाकणार का?"

"'इलेक्ट्रिशियनने' असं लिहितो."

"आसं नको. आसं लिव्हलं तर फाट्यावरच्या समद्या पोरांवर जाईल. नाव लिव्ह. रखमाजी औटी, राजुरी. आन् लाल वायर कुणी टाकली तेबी लिव्ह."

"लिहिणारच हाय."

"मोठा शहाणा. आधी लिव्हलं असतंस ना रविवारी, तर मी बघितलं असतं, हात लावला नसता."

"तुला वायर दिसली तरी कळली असती का?"

"न्हाई," रखमाजी म्हणाला. "पण म्हणायला काय जातं?"

दोघं हसले नाहीत, पण बोलणं सुटं झालं. नोंद सव्वा पान झाली. सावळारामचं अक्षर कारखान्यातल्या फिटरसारखं आहे, मोठं आणि सरळ. रखमाजीने ती दोनदा वाचली. "चार सेकंद" या शब्दांवर त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, "तीन व्हते का चार?" सावळाराम चार म्हणाला. तसंच राहिलं. त्यानंतर सावळारामने वैजयंतीला त्या पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "वाचलं. उद्या येते."

शुक्रवारी तपासणीस साडेदहाला आला. चाळिशीतला माणूस, पाणीही नको म्हणाला. आधी इंजिन चालवायला सांगितलं. दहा वाजून बावन्न मिनिटांपासून अकरा बावन्नपर्यंत ते चाललं. काटा चौदा पूर्णांक दोनवर होता. वैजयंती विमानाच्या पंखाच्या टोकाशी पूर्ण तास उभी होती.

मग त्याने लॉगबुक मागितलं. सव्वा पान वाचायला त्याला सहा मिनिटं लागली.

"औटी कोण?"

रखमाजी पुढे आला. तपासणीसाने त्याच्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं.

"हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य हाय, साहेब. आता दुकानात मीटर घेतलाय. पोरांना सांगितलंय, तार काढायची न्हाई." मग पुढे म्हणाला, "दोघं ऐकत न्हाईत अजून."

"हे लिहिलं नसतं तर मी आज सही केली असती," तपासणीस सावळारामला म्हणाला. त्यात कौतुक होतं की चीड, ते कुणाला कळलं नाही. त्याने पानाचा फोटो काढला आणि दोन्ही डबे काढून बेंगळुरूला पाठवायला सांगितलं. अहवाल आल्याशिवाय परवानगी नाही.

"तारखेचं काय?" सावळारामने विचारलं.

"तारीख आज होती. मी आलो, इंजिन चाललं, असं लिहीन. तारीख पाळली असं धरायचं की फाइल बंद करायची, ते वर ठरेल. माझ्या हातात नाही."

तो गेल्यावर वैजयंतीने विचारलं की डबे कधी काढणार. सावळाराम म्हणाला, आत्ताच. तिने स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि एक डबा स्वतः काढला.

डबे शनिवारी कुरिअरने गेले. १९ फेब्रुवारीला बेंगळुरूला पोचल्याची पावती आली. ५ मार्चला बनवणाऱ्याचा मेल आला. पहिला डबा ठीक आहे, दुसऱ्याची चाचणी गरम अवस्थेत पुन्हा घ्यावी लागतेय. कार्यालयाकडून फाइलबद्दल काही आलेलं नाही. सावळारामने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा, साहेब बैठकीत आहेत असं सांगण्यात आलं.

१३ मार्चच्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या डब्याचा अहवाल आलेला नव्हता.