पाटी बदललेला गुलाब

मी एक जुना गुलाब आहे, मित्रांनो, आणि माझ्या आयुष्याची तीन वर्षे मी दुसऱ्याच्याच नावाने जगलो.

नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात माझे घर आहे. १९९१ साली या शेताचे मालक असलेल्या कोंडाजीबाबांनी त्र्यंबकेश्वरच्या एका ओळखीच्या माळ्याकडून माझ्या फांद्या आणल्या आणि एक रांग लावली. त्याच पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतहून त्यांनी आणखी एक गुलाब आणला आणि त्याची रांग शेजारीच लावली. तोही गुलाबी, तोही भरगच्च पाकळ्यांचा. आमची दोन फुले ओंजळीत घेतली तर वेगळी ओळखू येत नसत.

स्वभाव मात्र निराळे होते. माझ्या पाकळ्या दुपारपर्यंत गळून पडतात, पण वाळल्या तरी त्यांचा वास जात नाही. शेजाऱ्याची फुले हारात दिवसभर टवटवीत राहतात, वास मात्र सकाळपुरता. म्हणून बाबांनी पत्र्याच्या दोन पाट्या रंगवल्या. माझ्या रांगेला ‘गुलकंद’ आणि शेजारच्या रांगेला ‘हार’.

भाताची कामे उरकली की पेठकडच्या कुसाबाई दरवर्षी फुले तोडायला येत. रांगेची फुले त्या रांगेच्या टोकाला टोपलीत ठेवत. कुठली टोपली कुठे न्यायची, ते फक्त बाबाच पाहत. माझ्या पाकळ्यांच्या गुलकंदाच्या बरण्या पंचवटीतल्या एका वैद्यांकडे जात. ते सुखाचे दिवस होते.

१९९८ मध्ये बाबा गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने, महेशने, ठिबकच्या नळ्या टाकल्या. त्या गडबडीत पाट्या काढल्या आणि परत रोवताना त्यांची अदलाबदल झाली. मुद्दाम कोणी काही केले नव्हते. पण त्या दिवसापासून माझी फुले हारात जाऊ लागली. दुपारी हारांचे नुसते दोरे उरत आणि हारवाले महेशला बोल लावत. इकडे महेशची बायको शुभांगी शेजाऱ्याच्या पाकळ्यांचा गुलकंद घालू लागली. त्याला वासच येईना. वैद्यांनी बरण्या परत पाठवल्या.

मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे? झाडाला फक्त फुलता येते. मी फुलत राहिलो.

तीन वर्षे महेशने कळ काढली. २००२ च्या फाल्गुनात तो कुदळ घेऊन आला. “बाबांबरोबर या झाडांचा गुणही गेला,” तो शुभांगीला म्हणाला. “आज ही रांग काढतो, उद्या ती. द्राक्षं लावू.”

एकामागून एक माझी अकरा भावंडे मुळासकट बाहेर आली. बारावा मी होतो. पहिला घाव माझ्या बुंध्याशी बसला, तेव्हा शेजारच्या रांगेत फुले तोडणाऱ्या कुसाबाई धावत आल्या.

“महेशभाऊ, गुलकंदाचा गुलाब का तोडताय?”

“मावशी, ही हाराची रांग आहे. पाटी बघा ना.”

“पाटी मला वाचता येत नाय. झाड येतं.” त्यांनी माझी एक कळी तोडून त्याच्या हातात दिली. “देठ चोळा. चिकट लागतो ना? बोटाला वास राहतो. आता त्या झाडाचा चोळा. गुळगुळीत हाय. याचे काटे बारीक न् दाट, त्याचे मोठे न् वाकडे.”

महेश गोंधळला. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“फुलं टोपलीत टाकली की माझं काम सरलं. टोपली कुठं जाते, मला काय ठाव? मला कुणी इचारलंच नाय.”

महेशचा विश्वास बसेना. तेव्हा शुभांगी म्हणाली, “आठ दिवस थांबा. दोन्हींच्या पाकळ्या वेगवेगळ्या वाळवते. मग ठरवा.”

ते आठ दिवस मी कसे काढले, माझे मला माहीत! नवव्या दिवशी तिने महेशला डोळे मिटायला लावले आणि दोन सुपे पुढे धरली. पहिल्या सुपाशी त्याने नुसती मान हलवली. दुसऱ्याशी तो बराच वेळ वाकून राहिला. “बाबांच्या हातांना असा वास यायचा,” तो म्हणाला.

मग तो बांधावर टाकलेल्या माझ्या अकरा भावंडांपाशी गेला. ती केव्हाच वाळून गेली होती. “चूक माझीच,” म्हणत त्याने दोन्ही पाट्या उपटल्या आणि आपापल्या रांगेला परत रोवल्या.

संध्याकाळी कुसाबाईंनी माझ्याच फांद्या कापून रिकाम्या अकरा जागी लावल्या. शुभांगीने वही काढली आणि कुसाबाई सांगतील तशा दोन्ही गुलाबांच्या खुणा लिहून घेतल्या: देठ, काटे, पान, फुलण्याचा महिना. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिले, ‘सांगणार : कुसाबाई, पेठ’. ते नाव वाचून दाखवल्यावर कुसाबाई लाजून हसल्या.

पुढच्या वर्षी वैद्यांनी बरणी ठेवून घेतली. शेजारचा गुलाबही सुखी झाला. त्याचे हार आता संध्याकाळपर्यंत ताजे राहतात. आमच्यात कधीच भांडण नव्हते. दोघेही चांगलेच होतो, फक्त चुकीच्या कामाला लागलो होतो.

मित्रांनो, आज माझा बुंधा जाड आणि खडबडीत झाला आहे. कुदळीच्या घावाचा व्रण अजून आहे. पण माझ्या मनात राग नाही. ज्यांनी मला लावले, ज्या माझ्यासाठी धावत आल्या, जिने आठ दिवस मागून घेतले आणि ज्याने आपली चूक मान्य केली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. तुमच्याकडून एवढेच हवे आहे. एखादे झाड किंवा माणूस निरुपयोगी ठरवण्याआधी त्याची पाटी वाचून थांबू नका. जवळ जा, हात लावून पाहा. आणि ज्यांचे हात रोज तिथे राबतात, त्यांना आधी विचारा.

कुसाबाई आता थकल्या आहेत, फुले तोडायला येत नाहीत. पण नवी रोपे घेतली की महेश जीप घेऊन पेठला जातो. बाई येतात, एकेक देठ चोळून पाहतात आणि त्या मान डोलावतील तेव्हाच खड्डा खणला जातो.