कलम सात आणि आईचा कान

कलम सात. सहा वर्षांखालील बालकास बालविकास केंद्रात आणि प्रौढ व्यक्तीस मनोआरोग्य केंद्रात स्वतंत्र सेवा मिळेल.

स्वतंत्र. सभागृहात या शब्दावर बाकं वाजली म्हणे.

आमच्या बालविकास केंद्रात उपचाराची खोली एकच. बुटकं टेबल, गालिचा, कोपऱ्यात ठोकळे. हा कायदा येईपर्यंत दर मंगळवारी इथे बटण आईबरोबर यायची. वय चार. आईच्या स्वेटरचं बटण पिरगाळत बसते म्हणून आजीने ठेवलेलं नाव.

बटण फक्त आईच्या कानात बोलते. आणि आई, नवरा गेल्यापासून, स्वतःचं म्हणून काही बोलत नाही. लेकीने कानात सांगितलेलं तेवढं मोठ्याने सांगते.

"ही म्हणते, निळा ठोकळा हवा."

"ही म्हणते, घरात भीती वाटते."

भीती नक्की कोणाला वाटते, लेकीला की आईला, ते मी कधी विचारलं नाही. दोघींत मिळून एक तोंड होतं आणि ते उघडायला लागलं होतं.

कलम सात, अपवाद. (कोरी जागा. मी पान उलटून पाहिलं.)

खात्यातल्या साहेबांना फोन केला.

"ताई, कायदा चांगलाच आहे. आधी दोघींना बघायला एक माणूस होतं, आता दोन मिळाली."

"मला दोघींना एकत्र बसवायचंय."

"मग कोणत्या खात्यात धरू?"

"कोणत्याही."

"कोणतंही असं खातं नाही ना, ताई."

ते चेष्टा करत नव्हते.

गुपचूप दोघींना बोलावलं असतं. पण मनोआरोग्य केंद्रातली वेळ चुकली की आईचं औषध थांबतं, आणि दुसरी वेळ तिकडे शिल्लक नाही. तिकडेही मंगळवारच. तोच तास.

आज बटणला आजी घेऊन आली.

"मागच्या मंगळवारी तिकडे काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय. भिंतीकडे बघत बसली. डॉक्टरीणबाई विचारतात, तुम्हाला काय वाटतं? आता तिला काय वाटतं ते तिची लेक सांगणार, अन् लेक इकडे." आजीने पिशवी मांडीवर घेतली. "एक ना धड, भाराभर चिंध्या. दोन-दोन केंद्रं दिलीत, बाई. मायलेकी तेवढ्या एकत्र ठेवायच्या होत्या."

बटण ठोकळ्यांकडे गेली नाही. तिने माझ्या जॅकेटवर हात फिरवला, बटण शोधलं. माझ्या जॅकेटला चेन आहे.

मग ती टाचा उंचावून माझ्या कानाशी आली. मी हललेही नाही.

कानाला ऊब लागली. शब्द नाही. नुसता श्वास, थोडा ओला.

ती मागे सरकली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मोठ्याने सांगायची वाट बघत.

"काय म्हणाली?" आजीने विचारलं.

"ही म्हणते," मी म्हणाले, "ही म्हणते..."