रंगवलेली जाळी

तिगावच्या विठ्ठल मंदिराचा नवा सभामंडप देवकाबाईच्या अंगणात उभा राहिला, तो एकाच अटीवर. अंथरुणाला खिळलेली ती म्हातारी म्हणाली होती, "भोंग्यावरचं कीर्तन तं साऱ्या गावाले ऐकू येते. मले महाराजाचा चेहरा दिसला पाह्यजे." म्हणून तिची खाट आणि मंडप यांच्या मधल्या भिंतीत जाळी ठेवायचं ठरलं.

नकाशा पांढुर्ण्याच्या वास्तुविशारद तृप्तीने काढला. मग मंडप कसा दिसेल याचं खऱ्यासारखं चित्र करायला ती बसली, तर लॅपटॉप गुदमरला. जाळीला शेकडो भोकं, प्रत्येक भोकाला कडा. एवढा पसारा चित्राच्या सॉफ्टवेअरला झेपेना. तिने मॉडेल हलकं केलं. न दिसणाऱ्या बाजू काढल्या, घंटेची साखळी काढली, आणि जाळीच्या जागी सपाट भिंत ठेवून तिच्यावर जाळीचा फोटो चिकटवला. चित्र झकास आलं. रंग ठरवायला म्हणून ते तिने ठेकेदार रोशनला पाठवलं आणि नागपूरला नोकरीवर गेली.

ती आली ती थेट उद्घाटनाच्या कीर्तनाला. बापूजी महाराजांचा पूर्वरंग असा भरात आला होता की ऐकणाऱ्याने घरदार विसरावं. टाळ्या वाजवत तृप्ती भिंतीशी सरकली आणि कौतुकाने नक्षीवर हात ठेवला.

हात घसरत गेला. बोटाला भोक लागेना. तिने नखाने खरवडलं, तर रंग निघाला. तिने गर्दीतून ठेकेदाराला गाठलं.

"रोशनभाऊ, हे काय?"

"जाळी! सौंसरचा पेंटर लावला ताई. लोकं फोटो काढून राहिले."

"नकाशात खरी होती ना!"

"चित्र नकाशाच्या मागून आलं तुमचं. मले वाटलं, तुम्ही बदल केला." त्याचं हसू विरलं. "म्हणजे... देवकामाय तिकडे..."

दोघं मागच्या दाराने धावले. नवं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून देवकाबाई कोऱ्या विटांकडे तोंड करून पडली होती.

"आले का जाळी उघडाले? कधीचं सुरू झालं न बाप्पा!"

तृप्ती तशीच मागे फिरली.

मंडपात महाराजांच्या गळ्यात मध्यंतराचा हार पडत होता. तिने कसंबसं त्यांच्या कानाशी सांगितलं. महाराजांनी एकदा भिंतीकडे पाहिलं.

त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "जिच्या अंगणात उभा आहो, तिलेच भिंत दाखवू? उत्तररंग भिंत फुटल्यावर."

तृप्तीने ताटातला बुक्का बोटावर घेऊन रंगीत नक्षीवर चौकोन आखला. वरचा बीम तरी नकाशाप्रमाणे होता, भिंत फोडली तरी छताला धोका नव्हता; तेवढं पांडुरंगाने राखलं. पहिला घाव रोशनने स्वतः घातला. शेजारी उभ्या पेंटरने डोळेच मिटले.

वीट पलीकडे पडली. धुळीतून आवाज आला, "हळू रे मेल्या, माह्या तांब्यावर पडली!"

महाराजांनी भगदाडाशी वाकून हात जोडले. "माय, दिसून राहिलो का?"

"दिसता. आता पहिल्यापासून सांगा. माहा पूर्वरंग राह्यला."